ते वाक्य आमचं आम्हाला म्हणू द्या

आपापल्या मंडळीत व्यसनमुक्तीचा गट चालवणाऱ्या, किंवा निदान चालू देणाऱ्या, सर्व पाळकांस आणि वडीलमंडळींस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या आठवड्यात माझ्या हातात एक छापील कागद पडला. ‘साक्षीचा रविवार’ ठरला आहे, आमच्या गटातल्या पाच जणांनी उपासनेत उभं राहून बोलायचं आहे, आणि त्याची तयारी म्हणून हा कागद. त्यावर तीन रकाने आखलेले: ‘आधी’, ‘प्रभूने काय केलं’, ‘आता’. खाली बारीक अक्षरात सूचना. तीन मिनिटांत आटपावं, नको ते तपशील टाळावेत, शेवट विजयाने करावा.

कागद आणून देणाऱ्या बहिणीचा हेतू चांगलाच होता. तिने माझा हात धरून प्रार्थनाही केली. मग जाता जाता म्हणाली, पाच होते, आता चारच आहेत. एका भावाचं नाव काढावं लागलं. साडेतीन महिने सोबर राहून तो परवा पुन्हा प्यायला. “पुढच्या वर्षी बघू त्याचं,” असं चर्चच्या वडीलमंडळींच्या बैठकीत ठरलं म्हणे. (त्याच्याबद्दल मी त्याला विचारून लिहिते आहे. एरवी गटातली गोष्ट गटाबाहेर जात नाही, आणि जाऊही नये.)

कागद तीन दिवस टेबलावर पडून होता. पहिला रकाना भराभर भरला. दुसराही भरला. तिसऱ्यापाशी पेन थांबलं, आणि त्या थांबण्यातून हे पत्र निघालं.

मी पीत नाही, कधी प्यायले नाही. नवरा प्यायचा. सात वर्षांपूर्वी मी गटात आले ती त्याला दुरुस्त करून घेण्याची युक्ती शिकायला. त्याच्याआधी बरीच वर्षं मी चर्चमध्ये पहिल्या तीन रांगांत बसणारी, रविवारच्या शाळेत शिकवणारी, सगळ्यांच्या घरी प्रार्थनेला जाणारी बाई होते. घरी काय चाललंय ते कुणाला कळू नये म्हणून मी जेवढी मेहनत घेतली तेवढी दुसऱ्या कशावर घेतली नसेल. तो उठू शकला नाही की त्याच्या ऑफिसात फोन करून ‘ताप आहे’ म्हणून सांगणारी मीच. वर्षभरात त्याला इतक्या वेळा ताप आला की कुणीतरी रक्त तपासून घ्या म्हणून सुचवलं.

शेवटी धीर करून मी चर्चच्या वडीलमंडळींतल्या एका वडिलांकडे गेले. कुठल्या मंडळीतले, ते लिहिण्याची गरज नाही. असे वडील एकाच मंडळीत असतात असंही नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, “मुली, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. देव तुला या दुःखातून घडवतोय. घर सोडू नकोस.”

म्हण आपली नव्हे, पण तोंडात बसलेली असते, त्यांना दोष नाही. दोष माझाही आहे, कारण मी ते ऐकलं. आणखी चौदा महिने राहिले. त्या चौदा महिन्यांत माझ्या मुलीने पायात बूट घालून झोपायची सवय लावून घेतली. रात्री अचानक निघावं लागलं तर बूट शोधण्यात वेळ जायला नको म्हणून. मला ते कळलं तेव्हा ती सवय जुनी झाली होती. सकाळी चादरीवर माती कशी येते हे मला कळत नव्हतं, आणि मी तिच्यावर ओरडत होते.

टाकीची उपमा देताना आपण एक विचारायचं विसरतो. टाकी कुणाच्या हातात आहे? माझ्या घरात ती देवाच्या हातात नव्हती. दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात होती, आणि तो मूर्ती घडवत नव्हता.

आता मला जे म्हणायचं आहे ते म्हणते. ‘देव दुःखातून माणसाला घडवतो’ हे वाक्य खोटं नाही. मी स्वतः घडले आहे. पण ते वाक्य फक्त प्रथमपुरुषात खरं असतं, आणि बहुतेक वेळा फक्त भूतकाळात. ‘देवाने मला घडवलं’ असं मी म्हणू शकते, तेही पुष्कळ दिवसांनी. ‘देव तुला घडवतोय’ असं तुम्ही मला म्हणालात की त्याच शब्दांचं ओझं होतं, आणि कधीकधी त्या ओझ्याखाली एखादं मूल बूट घालून झोपतं.

हे माझ्या मनचं व्याकरण नाही. पवित्र शास्त्र उघडून बघा. ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते’ हे रोमकरांस पत्रातलं वचन आमच्या गटाच्या भिंतीवर लावलेलं आहे, आणि ते लिहिणारा पौल म्हणतो, आम्ही संकटांचाही अभिमान बाळगतो. आम्ही. तुरुंग, फटके, जहाज फुटणं हे सगळं अंगावर घेतलेला माणूस ते बोलतो. शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली तेव्हा ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर त्याला प्रभूकडून मिळालं. करिंथच्या मंडळीतल्या कुणी वडिलांनी ते त्याला ऐकवलं नाही. 119 वं स्तोत्र म्हणतं, मी पीडित झालो हे मला बरे झाले. ‘मला’ आहे तिथे. ‘तुला बरे झाले’ असं कुणी कुणाला म्हणत नाही.

आणि योसेफ. ही कथा तुम्ही व्यासपीठावरून इतक्यांदा सांगितली आहे की ती आम्हाला पाठ आहे, पण मला ती वर्षांच्या हिशेबात वाचून बघावीशी वाटली. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं तेव्हा तो 17 वर्षांचा. खड्डा कोरडा, आत पाणी नाही, आणि उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलं आहे की त्याला खाली टाकून भाऊ जेवायला बसले. पुढे, त्याला गुलाम म्हणून विकलं गेलं त्या मिसर देशात, भाऊच कबूल करतात की तो गयावया करत होता आणि आम्ही ऐकलं नाही. तिथल्या फारो राजापुढे तो उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, आणि तेव्हा कुठे तो भावांना ओळख देऊन म्हणतो की देवाने मला तुमच्या पुढे पाठवलं. म्हणजे 22 वर्षांनी. ‘तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं’ हे आपलं आवडतं वाक्य तर त्याहून पुढचं, त्यांचा बाप याकोब मिसरात 17 वर्षं काढून वारला त्यानंतरचं. खड्ड्यापासून त्या वाक्यापर्यंत 39 वर्षं झाली.

आता कल्पना करा की त्या पहिल्या दिवशी थोरला भाऊ रऊबेन खड्ड्याच्या काठावरून खाली वाकून म्हणाला असता, “रडू नकोस रे, देव तुला घडवतोय.” वाक्य तेच. देवाच्या योजनेच्या दृष्टीने खरंही. फक्त ते काठावरून म्हटलेलं, जेवता जेवता. आम्हाला रविवारी पुष्कळदा तसं ऐकू येतं. बोलणारा वाईट नसतो, पण त्याचा आवाज वरून येतो.

तुम्ही म्हणाल, येशूनेच तर डोंगरावर म्हटलं, जे शोक करतात ते धन्य. तिथे कुठे प्रथमपुरुष आहे? बरोबर आहे. पण ते म्हणणारा स्वतः खड्ड्यात उतरायला निघाला होता. आणि क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याची पाळी आली तेव्हा त्याने प्याला टळू दे असंच आधी मागितलं, आणि तिघा मित्रांना एकच काम सांगितलं: जागे राहा. अर्थ समजावून सांगा असं म्हणाला नाही. तेवढं एक कामही त्या तिघांना जमलं नाही, तो भाग वेगळा.

गट म्हणजे काय ते मला विचाराल तर एवढंच आहे. जागं राहणाऱ्यांची जागा. तुमच्यापैकी बरेच जण आत कधी बसलेले नाहीत म्हणून थोडं सांगते. बायकांचं वर्तुळ वेगळं, पुरुषांचं वेगळं. बोलायला तीन ते पाच मिनिटं. आपापल्याच मनातलं आणि आपल्याच वागण्याबद्दल बोलायचं. एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही, नंतरही सल्ला द्यायचा नाही. आपण आधार द्यायला आलो आहोत, कुणाला दुरुस्त करायला नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. हे नियम सुरुवातीला मोठ्याने वाचले जातात, दर वेळी, सगळ्यांना पाठ असले तरी.

पहिले तीन आठवडे मी माझी पाचही मिनिटं ‘तो’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत घालवली. तो असं करतो, तो तसं म्हणाला. कुणी अडवलं नाही. चौथ्या आठवड्यात गट चालवणाऱ्या बाईंनी नुसतं विचारलं, “आणि तुम्ही?” मला उत्तरच सुचेना. माझ्याकडे ‘मी’ने सुरू होणारं वाक्य नव्हतं. घड्याळाचा काटा फिरत राहिला, खुर्च्या करकरल्या, माझी उरलेली मिनिटं गप्प बसण्यात गेली, आणि शेवटी सगळ्यांनी “धन्यवाद” म्हटलं. न बोलल्याबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी धन्यवाद दिले.

पुढच्या खेपेला मी बाटलीचं सांगितलं. मी रात्री त्याच्या बाटलीवर, लेबलच्या कडेला, पेन्सिलने टोकाएवढा ठिपका काढायचे. सकाळी सगळे उठायच्या आत ती खिडकीशी नेऊन उजेडात धरायची आणि पातळी किती उतरली ते बघायचं. ते बघून झालं की मगच प्रार्थनेला बसायचं. पातळी बरी असली तर उपकारस्तुती, नाहीतर गाऱ्हाणं. पुढे माझ्या लक्षात आलं की तो वर पाणी घालून पातळी सारखी करतो आहे. तरीही मी मोजत राहिले. मोजणं खोटं आहे हे ठाऊक असून मोजत राहिले. हे बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी सकाळची भक्ती त्या बाटलीपुढे चालायची.” वाक्य ठरवून आणलं नव्हतं. ते ऐकून मलाच घाम फुटला. वर्तुळात कुणी ‘अरेरे’ केलं नाही, कुणी वचन काढून दाखवलं नाही. दोन खुर्च्या सोडून बसलेल्या एका बाईने हळूच हसून मान हलवली, आणि तिच्या मानेवरून मला कळलं की तिच्याही घरात कुठेतरी एक ठिपका आहे.

मी वाढले असेन तर त्या मिनिटापासून. घरातली दहा वर्षांची हालअपेष्टा मला वाढवू शकली नाही. तिने मला लबाड, सावध आणि तापट केलं होतं. नुसत्या दुःखाने माणूस मोठा होत नाही. बहुतेकांना ते लहानच करतं, हे तुम्ही पाळकीय भेटींत रोज बघता. दुःख खरं सांगायला जागा मिळाली, आणि ऐकणारा घाईने त्याचा अर्थ लावायला धावला नाही, तर मात्र काहीतरी हलतं. याकोबाचं पत्र हेच सांगतं: निरोगी व्हावं म्हणून एकमेकांजवळ पातकं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. ‘एकमेकांजवळ’ हा शब्द आपण फार लवकर ‘पाळकांजवळ’ असा करून टाकला आहे. त्याने तुमच्यावरचा बोजाही वाढला आणि आमचाही हलका झाला नाही.

आता यादीतून खोडलेल्या भावाबद्दल.

ही सगळी चळवळ कशी सुरू झाली ते तुम्हाला ठाऊक असेल, पण त्याचं नाव खोडताना बैठकीत कुणाला आठवलं नसावं. 1935 चा मे महिना. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा माणूस, जेमतेम पाच महिने सोबर, धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात आलेला. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बारमधून हसण्याचे आवाज, दुसरीकडे टेलिफोन आणि चर्चची नावं असलेली एक यादी. त्याने यादीतून एका पाळकाला फोन लावला. मागणं विचित्र होतं: मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे, नाहीतर मी पिईन. त्या पाळकांनी तो फोन वेड्यात काढला नाही, काही नावं दिली, आणि एकातून एक करत त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, ते काही तास बसले. पुढे ते सांगायचे की दारूबद्दल स्वतःच्या अनुभवावरून बोलणारा मला भेटलेला हा पहिलाच माणूस. म्हणजे तेही तेच सांगत होते: कुणीतरी प्रथमपुरुषात बोललं.

आणि मग काय झालं? डॉक्टर काही आठवड्यांत पुन्हा प्यायले. वैद्यकीय परिषदेला म्हणून अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे घसरले. परत आणून त्यांना सावरलं गेलं. त्यांचा शेवटचा घोट 10 जून 1935 चा, आणि त्या दोघांपासून सुरू झालेली, दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना आपला स्थापनादिवस तोच मानते. ज्या दिवशी घसरलेला माणूस उठला, तो. त्या दोघांच्या वेळी ‘साक्षीचा रविवार’ असता तर डॉक्टरांचंही नाव यादीतून निघालं असतं, आणि बाकीच्या लाखोंनी कुठे जायचं होतं?

दारूतून बाहेर पडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्या 1939 साली छापल्या गेल्या. त्यांची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, जिथे लोक एकमेकांपुढे पाप कबूल करायचे आणि नुकसान भरून द्यायचे. त्या पायऱ्यांत ‘तू हे कर’ असा हुकूम एकही नाही. सगळ्या ‘आम्ही’ने आणि भूतकाळात: आम्ही कबूल केलं, आम्ही विश्वास ठेवू लागलो, आम्ही यादी केली. लिहिणाऱ्यांनी मुद्दाम तसं केलं असो वा नसो, काठावर उभं राहून त्या वाचताच येत नाहीत. आपल्या चर्चमधले बरेच गट ज्या धर्तीवर चालतात तो ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ कार्यक्रम 1991 साली कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झाला. त्याने त्या पायऱ्यांना डोंगरावरच्या धन्यवचनांची जोड दिली. तिथेही पहिली पायरी आत्म्याने दीन होण्याची आहे. विजयाने शेवट करा असं पहिल्या पायरीवर कुठेच लिहिलेलं नाही.

बिल विल्सनची बायको लोइस मला त्या दोघांपेक्षाही जवळची वाटते. नवऱ्याची दारू सुटली, तो सुधारला, मीटिंगांना जाऊ लागला, आणि एक दिवस तिने त्याच्यावर बूट फेकून मारला. तुझ्या त्या मीटिंगा खड्ड्यात गेल्या, अशा अर्थाचं काहीतरी ओरडली. इतकी वर्षं जे तिला जमलं नाही ते परक्यांनी करून दाखवलं, याचा तो राग होता हे तिला मागाहून कळलं. दारू सुटल्यावर बायकोचं दुखणं संपतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तो बूट लक्षात ठेवावा. तिने पुढे 1951 साली व्यसनींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू करण्यात पुढाकार घेतला. ‘आधी’ आणि ‘आता’ या दोन रकान्यांत तो बूट कुठे बसवायचा, सांगा.

एक गोष्ट मात्र प्रथमपुरुषाची वाट न बघता तुम्ही स्वतः करायला हवी, आणि ती तातडीची आहे. जिवाला धोका असेल तिथे आध्यात्मिक वाढीबद्दल बोलू नका. मारहाण होत असलेल्या बाईला आधी सुरक्षित जागा, मग वचन. आणि रोज भरपूर पिणारा माणूस जागरणाच्या प्रार्थनेत उठून ‘आजपासून बंद’ म्हणाला तर हल्लेलुया म्हणा, पण त्याच रात्री त्याला डॉक्टरांकडे न्या. वर्षानुवर्षांची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, जोराचा थरकाप, ताप चढू शकतो, आणि त्यात माणूस दगावतोही. त्याला सैतानाचा हल्ला समजून खोलीत कोंडून प्रार्थना करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तो माणूस वाचला, कारण त्याच्या बहिणीने कुणाचं न ऐकता गाडी बोलावली. औषध घेणं हा विश्वासाचा तुटवडा नाही. प्रभुभोजनात वाइन नको, द्राक्षांचा साधा रस ठेवा, हेही लगे हात सांगून टाकते. त्यावर वाद घालण्याइतका आमच्यातल्या काहींना वेळ नसतो.

सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांची आपण फार थट्टा करतो, पण ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढं आपल्यापैकी किती जण बसतात? त्यांची चूक झाली ती तोंड उघडल्यावर, कारण त्यांना दुःखाचा अर्थ ठाऊक होता. शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब. आरडाओरडा करणारा, जाब विचारणारा ईयोब. आणि 88 वं स्तोत्र काळोखातच संपतं, तिथे विजय नाही; तरी ते स्तोत्रसंहितेतून कुणी काढलं नाही. स्तोत्रसंहितेत ज्याला जागा आहे त्याला आपल्या रविवारच्या उपासनेत तीन मिनिटं का नसावीत?

तुम्हाला वाटेल की अर्धवट साक्षीने नव्या लोकांचा विश्वास डळमळेल. माझा अनुभव उलटा आहे. गटात कोण परत येतो ते मी सात वर्षं बघते आहे. पहिल्याच दिवशी चकचकीत साक्ष ऐकलेली माणसं घरी जाऊन म्हणतात, हे आपल्याच्याने व्हायचं नाही. कुणीतरी ‘मी काल पुन्हा प्यायलो आणि आज आलो’ म्हणालेलं ऐकलेली पुढच्या आठवड्यात खुर्चीवर असतात. हा काही कुठला अभ्यास नाही, खुर्च्या मांडणारीचा अंदाज आहे. खुर्च्या मी मांडते.

तुम्ही आत या. पाहुणे म्हणून, हजेरी बघायला, अहवालासाठी नको. कोण आलं, किती आले, याच्या याद्या आमच्याकडे मागू नका. वर्तुळात एक खुर्ची घ्या आणि तुमची पाळी आली की ‘मी’ने वाक्य सुरू करून बघा. तुमच्यातही राग आहे, झोपेच्या गोळ्या आहेत, मोबाईलवर रात्री उघडलेल्या गोष्टी आहेत, ज्या मुलाशी बोलणं बंद झालंय तो मुलगा आहे. पाळकाने हे कुठे बोलायचं, हा प्रश्न मला खरोखर पडतो. तुम्हालाही बाटली उजेडात धरावी लागतच असेल.

मी वाढले का, असं मला विचाराल तर हो म्हणेन. फोन बंद करून झोपू शकते. ‘मला माहीत नाही’ म्हणता येतं. प्रार्थनेत देवाला नवऱ्याच्या वागण्याचा अहवाल देत नाही. कुणाची बहीण, बायको, आई पहिल्यांदा गटात येऊन ‘तो’ने वाक्य सुरू करते तेव्हा मला तिची घाई नसते. आम्ही जी शांतीची प्रार्थना एकत्र म्हणतो, तिच्या लांब रूपात कष्ट हा शांतीकडे जाण्याचा रस्ता म्हणून स्वीकारण्याची ओळ आहे. ती ओळ म्हणताना आता माझा आवाज बसत नाही. एवढ्यासाठी एवढं सगळं घडायलाच हवं होतं का? मुलीचे बूट आठवले की मी हो म्हणू शकत नाही. देवाने त्यातून काढलं, हे खरं. देवानेच त्यात घातलं, हे मी म्हणणार नाही, आणि तुम्ही म्हणालात तर यापुढे उठून जाईन.

नवरा आता दीड वर्षं सोबर आहे, त्याच्या आधी तीनदा घसरला. आम्ही एका घरात राहत नाही. पुढे राहू की नाही, ते ठरलेलं नाही. मुलगी अनवाणी झोपते.

साक्षीच्या रविवारी मी येईन. तो भाऊही येतो म्हणाला आहे, मागच्या रांगेत बसेन म्हणतो; मी त्याच्या शेजारी बसेन. त्याचं नाव यादीत परत घातलंत तर आम्ही पाचही जण बोलू, नाहीतर मी जागेवरच असेन. तुमचा कागद या पत्रासोबत जोडला आहे. दोन रकाने भरले आहेत, तिसरा कोरा ठेवला आहे.

ख्रिस्तात तुमची,
गटातली एक बहीण